काळ्या चौकटीतलं खगोलशास्त्र

निवृत्त माणसाने काय करावं याबद्दल द्रेनोवित्सा गावात दुमत नाही. टोमॅटो लावावेत. टोमॅटो संपले की लाल मिरच्या भाजून बरण्या भराव्यात, मिरच्या संपल्या की राकिया, म्हणजे फळांची दारू, गाळावी, आणि राकिया संपेपर्यंत पुन्हा टोमॅटोची रोपं करायची वेळ आलेलीच असते. या रहाटगाडग्यात खगोलशास्त्राला कुठे जागाच नाही. त्यामुळे ऐन मिरच्यांच्या दिवसांत मिंको पेयकोव मास्तरांनी 'विज्ञान न शिकलेल्यांसाठी आकाशाची तोंडओळख' असा कोर्स काढत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा लोकांना पहिली शंका आली ती मास्तरांच्या टोमॅटोंना कीड लागल्याची.

मास्तरांच्या टोमॅटोंना काहीही झालं नव्हतं. जे झालं होतं ते मास्तरांना, आणि तेही फार पूर्वी. ते शाळेत खगोलशास्त्र शिकवत. मग वरून हुकूम आला आणि तो अख्खा विषय भौतिकशास्त्राच्या पुस्तकात शेवटचं प्रकरण होऊन बसला. शेवटच्या प्रकरणापर्यंत कुठलाही वर्ग पोचत नाही, हे ज्याने कधी शाळा पाहिली आहे त्याला ठाऊक आहे. उरलेली सगळी नोकरी मास्तरांनी पोरांकडून डॅन्यूबच्या उपनद्या पाठ करून घेण्यात घालवली. एकदा तरी, एका तरी वर्गाला, ते शेवटचं प्रकरण सगळ्यात आधी शिकवायचं, एवढी एकच इच्छा आता उरली होती. माणसाच्या याहून महागड्या इच्छा असतात. पण ही पुरी करायला माणसं लागत होती, आणि माणसं मिरच्या भाजत होती.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. मास्तरांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा वुत्यो, जो आयुष्यभर तालुक्याची बस चालवत होता आणि अजूनही बोलताना उजव्या हाताने गिअर टाकतो, त्याने सांगितलं की कोर्समध्ये राशिभविष्य घाल, बायका येतील. मास्तर म्हणाले, राशिभविष्य हे थोतांड आहे. वुत्यो म्हणाला, म्हणून तर येतील. तळमजल्यावरच्या स्तोइलकाबाई इमारतीच्या कारभारी होत्या. जिन्याखाली कुणी काय ठेवायचं हे त्या ठरवत आणि मास्तरांची सायकल तिथे ठेवायची नाही हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं, तरी ती तिथेच असे. त्यांनी सुचवलं की आकाश शिकवायचंच असेल तर हवामान शिकवा, म्हणजे निदान कपडे वाळत घालायचे की नाही ते तरी कळेल.

पण मास्तरांना खरी चीड येई ती एका वाक्याची. कुणालाही कोर्सबद्दल सांगितलं की तो मान तिरकी करून, आपल्यालाही काही कमी कळत नाही अशा थाटात म्हणे, "पण मास्तर, आपल्याला दिसतात ते तारे तर कधीच मेलेत म्हणे. नुसता उजेड येतो." खाटकाने हे सांगितलं, दाताच्या डॉक्टरने मास्तरांच्या तोंडात हात घालून सांगितलं, खुद्द मास्तरांच्या जावयाने लग्नाच्या जेवणात सांगितलं. मास्तर दरवेळी उत्तर द्यायला तोंड उघडत आणि दरवेळी विषय बदललेला असे. दाताच्या डॉक्टरकडे तर तोंड आधीच उघडं होतं.

गावच्या सांस्कृतिक भवनाच्या चिटणीस झ्लातिना मारिनोवा नियमांच्या बाहेर पाऊल टाकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी वही उघडून दाखवलं की भवनात गाणं, लोकनृत्य, नाटक आणि भरतकाम एवढेच वर्ग चालू शकतात. खगोलशास्त्राला रकाना नाही. मग दोघांनी बराच विचार केला आणि 'भरतकाम व इतर' यातल्या 'व इतर'मध्ये विश्व कसंबसं बसवलं. पण अट होतीच. गुरुवारी संध्याकाळी सहाला दालनात निदान बारा प्रौढ विद्यार्थी स्वतःच्या पायांनी हजर पाहिजेत. नसले तर दालन वर्षभरासाठी क्रुम साहेबांच्या लोकनृत्य मंडळाला, आणि मास्तर आणणार ती जुनी दुर्बीण कायमची भवनाच्या तळघरात, पडक्या पियानोच्या शेजारी.

सोमवारपर्यंत मास्तरांकडे एकही नाव आलेलं नव्हतं. वुत्यो येतो म्हणाला होता, पण वुत्यो सगळीकडे येतो म्हणतो. बायको रायना मुलीकडे रूसेला गेली होती. नाहीतर एक नाव पक्कं होतं, अर्थात भांडण करून.

तेव्हा मास्तरांनी जाहिरात छापायचं ठरवलं. द्रेनोवित्सात छापखाना एकच, कुंकाबाईंचा, आणि तो जोरात चालतो. गावात जन्मणारे कमी झालेत आणि मरणारे नियमित आहेत. कुणी गेलं की कुंकाबाई शोकपत्रक छापतात: फोटो, नाव, भोवती काळी चौकट. ते घराच्या दारावर, बसथांब्यावर, चौकातल्या लिंडनच्या झाडावर लागतं. चाळीस दिवसांनी नवं लागतं, सहा महिन्यांनी आणखी एक, मग दरसाल. जिवंतपणी जो माणूस कुणाला फारसा दिसला नाही तो मेल्यावर गावभर दिसत राहतो. या कागदांची मास्तरांना इतकी सवय झाली होती की ते त्यांना दिसणंच बंद झालं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त रात्र होती.

"भोवती काळं पाहिजे," ते म्हणाले. "चांगलं जाड. रात्र वाटली पाहिजे."

कुंकाबाईंनी मान डोलावली. जाड चौकट मागणारी गिऱ्हाइकं त्यांना आवडत. फोटो म्हणून मास्तरांनी निवृत्तीच्या दिवशीचा दिला. त्यात ते डॅन्यूबच्या सगळ्या उपनद्या एकदम आटल्यासारखे दिसत होते.

"वर क्रूस टाकते," कुंकाबाई म्हणाल्या.

"क्रूस कशाला? तारा टाका. पाच टोकांचा."

कुंकाबाईंनी चष्म्यावरून एकदा नीट पाहिलं. पाच टोकांचा तारा म्हणजे पाद्री नको म्हणणाऱ्यांची खूण, जुन्या राजवटीतल्या पक्षाच्या माणसांची. मास्तर त्यातले असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. पण शेवटच्या क्षणी माणूस खरं बोलतो हा त्यांचा धंद्यातला अनुभव होता.

"आणि वेळ?"

"गुरुवार. सहा."

"इतकं नक्की?"

"आता मागे हटणं नाही," मास्तर म्हणाले.

कुंकाबाईंना भरून आलं. मागच्यांना त्रास नको म्हणून आपलं पत्रक आपणच आधी छापून ठेवणारी शहाणी माणसं गावात होती, पण इतका धीराचा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. खालचा मजकूर मास्तरांनी जसा लिहून आणला होता तसा त्यांनी बारीक अक्षरात जुळवला. वाचला नाही. शोकपत्रकावरचा मजकूर जगात कुणीच वाचत नाही. लोक फोटो बघतात आणि आपल्यापेक्षा मोठा होता की लहान याचा हिशेब करतात. छपाईत चिकटवणंही आलंच, आणि ते उद्याच झालं पाहिजे असं मास्तरांनी बजावलं होतं. ते काम कुंकाबाईंचे यजमान करत, ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर, आणि मयताच्या दाराला काळी फीत फुकट.

मास्तर तिथूनच बस पकडून डोंगरातल्या आपल्या खेड्यातल्या घरी गेले. दुर्बीण तिथे माळ्यावर होती, लांब लाकडी पेटीत, आणि तिच्या भिंगावर गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. ते काढायला दोन दिवस गेले, कारण गांधीलमाश्यांचंही म्हणणं होतं. घरात फोनला रेंज मिळत नसे. विहिरीच्या कठड्यावर उभं राहून एक हात वर केला तर थोडी मिळे. तसं उभं राहून त्यांनी बुधवारी सकाळी रायनाला मीठ कुठे ठेवलंय ते विचारलं. डावा डोळा सुजून बंद झाल्याचं त्यांनी सांगितलं नाही.

इकडे मंगळवारीच स्तोइलकाबाई पाव आणायला निघाल्या आणि इमारतीच्या दारावर त्यांना मास्तर दिसले. त्या तशाच वर गेल्या, मास्तरांच्या दाराला फीत पाहिली, बेल वाजवली. कुणी उघडलं नाही. मेलेल्या माणसाने दार उघडलं नाही यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं आणि काय झालं होतं याबद्दलही तीन मतं तयार झाली होती, त्यांपैकी दोन यकृताशी संबंधित होती.

धक्का बसला तो ताऱ्याचा. वुत्यो चौकातल्या झाडापुढे टोपी काढून बराच वेळ उभा राहिला. इतकी वर्षं एका जिन्यातून चढलो उतरलो, तो म्हणाला, आणि माणूस देव मानत नाही हे कळलं नाही. देवळातून नाही म्हणजे निरोप सांस्कृतिक भवनातच द्यावा लागणार, हे सगळ्यांना आपोआप उमजलं. पत्रकावर फोटोखाली मोठ्या अक्षरात जागा आणि वेळ तेवढी होतीही. संध्याकाळी सहा ही काही पुरायची वेळ नव्हे, पण मास्तरांना प्रत्येक गोष्ट अंधार पडताना करायची सवयच होती. मयत कुठे आहे हे कुणी विचारलं नाही, कारण ते दुसऱ्याला ठाऊक असेल असं प्रत्येकाला वाटत होतं.

बुधवारी दुपारी वुत्योने मन घट्ट करून रूसेला फोन लावला आणि रायनाचं सांत्वन सुरू केलं. रायना म्हणाली की कुणी मेलेलं नाही, आज सकाळीच तिने त्याला मीठ डाव्या फडताळात असल्याचं सांगितलं. वुत्योने हळूच फोन ठेवला. "भ्रम झालाय बिचारीला," तो स्तोइलकाबाईंना म्हणाला. "मीठ कुठे आहे ते सांगतेय त्याला." हे ऐकून स्तोइलकाबाई पहिल्यांदा खऱ्या रडल्या, आणि रडतच त्यांनी मयताच्या निरोपाला वाटतात ते गहू मास्तरांच्या नावाने उकडायला घातले.

गुरुवारी मास्तर पेटी घेऊन बसमधून उतरले तेव्हा सहा वाजायला आले होते. पेटी एका टोकाला त्यांच्या खांद्यावर आणि दुसऱ्या टोकाला बसचालक स्तामेनच्या, जो पलीकडच्या गावचा असल्याने त्याला काही माहीत नव्हतं. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. कुणी येणार नाही, मास्तर मनात म्हणाले. निदान रिकाम्या दालनातून सगळ्यांदेखत जायला नको म्हणून ते मागच्या दाराने, रंगमंचावरून आत शिरले. स्तामेन पेटी ठेवून निघून गेला. पडदा बंद होता. पडद्यापलीकडून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

मास्तरांनी फटीला उघडा डोळा लावला. दालन गच्च भरलं होतं.

खाटीक होता, दाताचा डॉक्टर होता, त्यांचे जुने विद्यार्थी होते, त्यातले काही स्वतःच आजोबा झालेले. सगळे काळ्या, गंभीर कपड्यांत, आणि प्रत्येकाच्या हातात फुलं. फुलं! शाळा उघडते त्या पहिल्या दिवशी पोरं मास्तरांसाठी फुलं आणतात, ती या लोकांना या वयात आठवली. मास्तरांचा चांगला डोळाही भरून आला. प्रत्येकाकडे दोनच फुलं का, असा विचार त्यांच्या मनात आला, पण महागाईचे दिवस आहेत म्हणून त्यांनी तो सोडून दिला.

झ्लातिना मारिनोवा बोलायला उभ्या राहिल्या. मास्तर म्हणजे निष्ठा, मास्तर म्हणजे चिकाटी, असा माणूस द्रेनोवित्सात पुन्हा होणार नाही, असं त्या सांगू लागल्या. ओळख करून देताना माणसं थोडी वाहवतात हे मास्तरांना ठाऊक होतं. सगळं भूतकाळात चाललं होतं हेही त्यांना खटकलं नाही. निवृत्त माणसाबद्दल सगळे भूतकाळातच बोलतात. "त्यांची एकच इच्छा होती," झ्लातिनाबाई रुमाल शोधत म्हणाल्या, "आणि मी बारा माणसांची अट घातली. आज ते असते तर मी सहा माणसांवरही वर्ग चालू केला असता."

आज ते असते तर? मास्तरांनी कान टवकारले.

मग स्तोइलकाबाई उठल्या आणि म्हणाल्या की सायकल आता जिन्याखालून हलवायची नाही, ती तिथेच राहू दे, आठवण म्हणून. मग वुत्यो उठला. मास्तर शिकवायला कंटाळवाणा होता हे नाकारण्यात अर्थ नाही, तो म्हणाला, पण त्याने कधी कुणाला नापास केलं नाही. त्याच्या कोर्सला मी नाव देणारच होतो, मिरच्या आटोपल्या की. दाताचे डॉक्टर म्हणाले, मीही देणार होतो. खाटीक म्हणाला, माझं तर सोमवारीच नक्की झालं होतं. एकामागून एक माणूस उठत होता आणि शपथेवर सांगत होता की आकाश शिकायची त्याची किती इच्छा होती. तेवढ्यात समोरची एक जाडी बाई बसली आणि तिच्यामागचं टेबल दिसलं. टेबलावर दोन मेणबत्त्या, उकडलेल्या गव्हांचं ताट, वर पिठीसाखर, आणि या सगळ्यांच्या मधोमध, जाड काळ्या चौकटीत, पाच टोकांच्या ताऱ्याखाली, स्वतः मिंको पेयकोव.

आत्ता कुठे तो कागद मास्तरांना दिसला. फुलं दोन-दोन का होती तेही कळलं. जिवंत माणसाला एक किंवा तीन देतात. सम आकडा मेलेल्याचा.

पेटीवर बसून त्यांनी परिस्थितीचा विचार केला. अपमान मोठा होता. जिवंतपणी एक माणूस येईना आणि मेल्याबरोबर दालन पुरेना. मागच्या दाराने निघून जावं, खेड्यात जाऊन बसावं, गांधीलमाश्यांत राहावं. तिथे त्यांच्या असण्याची दखल तरी घेतली गेली होती. पण दालनात तीस-चाळीस प्रौढ माणसं होती, स्वतःच्या पायांनी आलेली, आणि घड्याळात सहा वाजून गेले होते. असा वर्ग त्यांना पुन्हा मिळणार नव्हता. पुढच्या वेळी ते खरंच मेलेले असतील.

पलीकडे झ्लातिनाबाईंनी एक मिनिट उभं राहून शांतता पाळायला सांगितली. खुर्च्या सरकल्या. मास्तरांनी कोट झटकला, पडदा बाजूला केला आणि पुढे येऊन म्हणाले, "बसा."

अर्धं दालन बसलं. जुने विद्यार्थी होते, अंगात मुरलेलं जात नाही. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी बसवलं. जे उभे होते ते आता बसलेल्यांकडे बघत होते, आणि सगळे मिळून मास्तरांच्या बंद डोळ्याकडे. झ्लातिनाबाई पक्क्या निरीश्वरवादी होत्या. त्यांनी छातीवर दोनदा क्रूस काढला.

पहिल्या सावरल्या त्या स्तोइलकाबाई. "मास्तर," त्या कडक आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मेलात ना?"

"नाही."

"मग दारावर चिकटवलंय ते काय?"

"ती कोर्सची जाहिरात आहे. खाली सगळं लिहिलंय."

डॉक्टरांनी टेबलावरचा कागद मेणबत्तीजवळ नेऊन पहिल्यांदाच वाचला. "लिहिलंय खरं," ते म्हणाले. "विज्ञान येण्याची गरज नाही असंही लिहिलंय."

आनंद वगैरे कुणाला झाला असेल तर तो दिसला नाही. माणसं रागावली. एक बाई म्हणाली की तिने काळ्या कपड्यांना इस्त्री केली. खाटकाने दुकान लवकर बंद केलं होतं. वुत्यो दुखावल्या आवाजात म्हणाला, "दोन दिवस मी तुझ्या नावाने पितोय, मास्तर. प्रत्येक पेल्यातलं थोडं जमिनीवर ओतलंय. ते कोण भरून देणार?" स्तोइलकाबाईंनी जाहीर केलं की सायकल उद्या सकाळपर्यंत हलली पाहिजे. आणि झ्लातिनाबाईंना क्रुम साहेबांनी दारातून खूण केली. त्यांचं मंडळ कमरेला पट्टे बांधून बाहेर तयार होतं. बाईंनी गळा साफ केला. ही माणसं अंत्यविधीला आलेली आहेत, त्या म्हणाल्या, ती विद्यार्थी म्हणून धरता येणार नाहीत.

माणसं टोप्या घालायला लागली. मास्तर पडद्यापुढे तसेच उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्याच वाक्यासाठी किती वाक्यं घडवून ठेवली होती, त्यातलं एकही आता आठवेना. वर्ग डोळ्यांदेखत उठत होता.

वुत्यो मात्र दारापर्यंत जाऊन वळला. कदाचित गव्हाचं ताट तसंच राहिल्याचं त्याला वाईट वाटलं असेल. "इतकं बोलावलंस तर निदान एक सांग," तो म्हणाला. "तारे सगळे मेलेत ना? नुसता उजेड येतो म्हणतात ते?"

दालनात सगळे थांबले. हा प्रश्न त्या प्रत्येकाने मास्तरांना उत्तर म्हणून ऐकवला होता. मास्तरांचं तोंड उघडं होतं आणि जन्मात पहिल्यांदाच कुणी विषय बदलत नव्हतं.

"साफ खोटं," मास्तर म्हणाले. "नुसत्या डोळ्यांना दिसतात ते तारे जवळजवळ सगळेच्या सगळे जिवंत आहेत. आता बाहेर अंधार पडला की डोक्यावर अभिजित दिसेल. त्याचा आज पोचलेला उजेड निघाला तेव्हा वुत्योच्या डोक्यावर केस होते, एवढंच. तारा कोट्यवधी वर्षं जगतो, त्यात पाचपंचवीस वर्षांत काय मरतो? पण लोकांना कुणी तरी मेलं म्हणून सांगितलं की पुरे. कुणी जाऊन विचारत नाही. खालचं बारीक अक्षर कुणी वाचत नाही." त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे बोट केलं. "सगळे आपापल्या जागी धडधडीत जळत असतात आणि इकडे तुम्ही त्यांच्या नावाने गहू उकडता."

दाताचे डॉक्टर पहिल्या रांगेत येऊन बसले. खाटीक बसला. टोप्या पुन्हा निघाल्या. झ्लातिनाबाईंकडे बघून मास्तर हळूच म्हणाले, "आज ते असते तर सहा माणसांवरही, असं कुणीतरी म्हणालं होतं. मी पडद्यामागे होतो." बाईंनी क्रुम साहेबांना हाताने बाहेर जायला सांगितलं आणि वही उघडली. बारापेक्षा बरीच जास्त नावं झाली, कारण मयतासमोर आपण खोटं बोललो हे द्रेनोवित्सात कुणालाच कबूल करायचं नव्हतं. अंधार पडल्यावर सगळे अंगणात गेले, दुर्बिणीसमोर रांग लागली, आणि रांगेत गव्हाचं ताट फिरलं. स्तोइलकाबाई भिंगातून चंद्राकडे पुष्कळ वेळ बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, सायकल राहू दे काही दिवस.

रूसेहून रायनाचा फोन आला. "दोन दिवस एकट्याला ठेवलं," ती म्हणाली, "तर मरून दाखवलंस." आणि पुढच्या गाडीने येते म्हणाली.

वर्ग नीट चालला. पण बर्फाचे दिवस जवळ आले तशी माणसं गळू लागली, आणि झ्लातिनाबाई वहीकडे आणि खुर्च्यांकडे आळीपाळीने बघू लागल्या. अशात एकदा कुंकाबाईंनी छापखान्याच्या दारातून मास्तरांना हाक मारली. त्या थोड्या संकोचल्या होत्या.

"चाळीस दिवस झाले, मास्तर. नियमाने नवं लावायला हवं. छापू?"

मास्तर ताठ झाले. आपण जिवंत आहोत, आपली काही अब्रू आहे, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी रस्त्यापलीकडे भवनाच्या खिडकीकडे पाहिलं. आत पुढच्या तीन रांगा रिकाम्या होत्या.

"छापा," ते म्हणाले. "चौकट जाडच ठेवा. फोटो तेवढा जरा हसरा टाका."